किरणोपचारात रुग्ण रोज त्याच जागी कसा राहील: सिम्युलेशनपासून कोर्स संपेपर्यंत

बोलीत किरणोपचाराला 'लाइट घेणं' म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की खाली झोपायचं, मशीन फिरणार, दहा-पंधरा मिनिटांत बाहेर. मशीनचं काम खरंच तेवढंच असतं. अवघड काम आपलं. २५, ३०, कधी ३५ दिवस रुग्ण त्याच टेबलावर येतो आणि आपण रोज त्याच्याकडे एकच मागणं मागतो: सिम्युलेशनच्या दिवशी, म्हणजे मुद्रा ठरवून प्लॅनसाठी सीटी स्कॅन काढला त्या दिवशी, होतात तसेच आज राहा. तोवर त्याचं वजन उतरलेलं असतं, कधी पोटात वायू असतो, रात्रभर झोप नसते.

हा लेख नव्याने रुजू झालेल्या टेक्नॉलॉजिस्टसाठी आणि शिकाऊ फिजिसिस्टसाठी आहे. आपल्या बाबतीत आत काय चालतं हे रुग्णाच्या घरच्यांना समजून घ्यायचं असेल तर त्यांनाही तो वाचता येईल. टॉलरन्सचे, म्हणजे किती फरक चालेल याचे, आकडे मात्र शेवटी तुमच्या विभागाने ठरवलेलेच पाळायचे.

मिलिमीटरसाठी एवढा आटापिटा का

४ सेंमी व्यासाची गोल गाठ धरा. तिचं आकारमान साधारण ३३ घन सेंमी. सगळ्या बाजूंनी ५ मिमी मार्जिन सोडलं की किरणांच्या तडाख्यात ६५ घन सेंमी येतं, आणि १० मिमी सोडलं की ११३. वाढलेला सगळा भाग निरोगी ऊतींचा असतो. सेटअप नेमका असेल तर मार्जिन कमी ठेवता येतं. सेटअप ढिला आणि मार्जिन कमी असेल तर गाठीची एक कड रोज उपाशी राहते.

चुकाही दोन जातींच्या असतात. एक रोज वेगळ्या दिशेला जाते: आज २ मिमी डावीकडे, उद्या १ मिमी वर. तिला रँडम म्हणतात. दुसरी रोज एकाच दिशेला जाते, कारण ती सिम्युलेशनच्या दिवशीच शिरलेली असते, आणि ती सिस्टिमॅटिक. मार्सेल व्हॅन हर्क आणि सहकाऱ्यांनी २००० साली मांडलेलं मार्जिनचं सूत्र प्रसिद्ध आहे: सिस्टिमॅटिक चुकीच्या प्रमाण विचलनाची (स्टँडर्ड डेव्हिएशन) २.५ पट अधिक रँडम चुकीच्या प्रमाण विचलनाची ०.७ पट. दोन्ही २ मिमी धरल्या तर मार्जिन ६.४ मिमी येतं, आणि त्यातले ५ मिमी एकट्या सिस्टिमॅटिक चुकीचे. रँडम चूक डोस थोडा पसरट करते, सिस्टिमॅटिक चूक तो सरळ बाजूला नेते. म्हणूनच माझ्या मते सिम्युलेशनला पाऊण तास लागला तर लागू द्यावा. तिथे वाचवलेली दहा मिनिटं पुढे महिनाभर रोज फेडावी लागतात.

सिम्युलेशनच्या आधी: माणूस बघा

फाइल वाचण्याआधी रुग्ण चालत कसा येतो ते बघा. खांदा वर जातो का? पाठ टेकून सपाट झोपता येतं का, की दम लागतो? कुठे दुखतं? वेदना असेल तर स्कॅनच्या आधी गोळी कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारा, आणि तीच वेळ रोजच्या उपचाराआधीही पाळायला सांगा. पहिल्या दिवशी गोळी घेऊन निवांत झोपलेला आणि दहाव्या दिवशी गोळीविना कण्हत झोपलेला रुग्ण एकाच जागी असेल ही अपेक्षा चुकीची आहे.

पुस्तकात छान दिसणारी आणि रुग्णाला महिनाभर झेपणारी मुद्रा वेगळी असेल तर झेपणारी निवडा. हात डोक्यावर घेतल्यावर तीन मिनिटांत थरथरायला लागले तर आर्मरेस्टची उंची बदला, कोपराखाली आधार द्या. पट्टे आवळून माणूस थोडा वेळ स्थिर राहतो. आरामात झोपलेला माणूस पट्ट्याशिवायही राहतो.

मग काय होणार ते साध्या शब्दांत सांगा. खोलीत तुम्ही एकटे असाल, पण आम्हाला दिसाल आणि ऐकू याल. मशीन जवळून फिरेल, लागणार नाही. त्रास झाला तर हात वर करा. हे सांगायला दोन मिनिटं पुरतात, आणि धास्तावलेल्या माणसाचे खांदे जे सेंटिमीटरभर वर चढलेले असतात ते खाली येतात.

मुद्रा आणि साधनं

सिम्युलेटरचं टेबल उपचाराच्या टेबलासारखंच सपाट हवं. साध्या सीटी स्कॅनचं खोलगट टेबल इथे चालत नाही. प्रत्येक साधन टेबलाला इंडेक्स बारने (टेबलाच्या खाचेत बसणारी पट्टी) अडकवा आणि खाच क्रमांक लिहा. 'उशी मध्यम, गुडघ्याखाली आधार' ही नोंद नाही. कोणता नेकरेस्ट, कोणत्या खाचेत, गुडघ्याचा आधार कोणत्या आकड्यावर, पायांची टाच कशी, हे सगळं असेल तर ती नोंद.

डोकं-मान: इथे थर्मोप्लास्टिक मास्क. खांदे धरायचे असतील तर पाच बिंदूंचा. शीट साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात मऊ होते, नेमकं तापमान कंपनीच्या सूचनेप्रमाणे. बाहेर काढून पाणी टिपून घ्या, आपल्या हाताच्या आतल्या बाजूला लावून बघा आणि मगच चेहऱ्यावर आणा. दोघांनी दोन्हीकडून सारखी ओढायची. बोटांनी घडवायच्या जागा कपाळ, नाकाचं हाड आणि हनुवटी. गालावर दाबत बसण्यात अर्थ नाही, गाल मऊ असतो आणि तोच आधी उतरतो. मास्क थंड होताना आकसतो, म्हणून पूर्ण कडक होईपर्यंत काढू नका. लवकर काढलेला मास्क दुसऱ्या दिवशी घट्ट बसतो आणि सगळे म्हणतात रुग्ण सुजला.

मास्क करण्याआधी अंबाडा, क्लिप, कानातलं, गळ्यातलं काढा. कवळी आत ठेवायची की बाहेर हे एकदाच ठरवून लिहा. केस कोर्सभर त्याच लांबीचे ठेवायला सांगा. बंद जागेची भीती असलेल्याला आधी नुसती शीट हातात देऊन भोकं दाखवा. काही ठिकाणी चेहरा उघडा ठेवणारा मास्क आणि त्यावर त्वचेवर नजर ठेवणारा पृष्ठभाग कॅमेरा वापरतात, तो अशा रुग्णांना मानवतो.

स्तन: ब्रेस्ट बोर्डचा कोन, हाताच्या आधाराचे आकडे, बैठकीचा अडथळा म्हणजे बम स्टॉप, आणि हनुवटी कोणत्या बाजूला वळलेली. हनुवटीची नोंद लोक विसरतात. गळ्याच्या खड्ड्याजवळचे लिम्फ नोड उपचारात असतील तर मान वळण्याने तिथली कातडी आणि स्नायू दोन्ही सरकतात.

ओटीपोट: गुडघा आणि घोट्याचे आधार मोठे काम करतात. पाय सुटे असले की कंबर फिरते. मूत्राशय किती भरायचा, आतडं कधी रिकामं करायचं, हे घड्याळासकट सांगा: इतक्या वाजता लघवी, लगेच इतके पेले पाणी, इतक्या मिनिटांनी टेबलावर. रुग्णाला रोज निभावेल एवढंच पाणी ठरवा. सिम्युलेशनला उत्साहाने तुडुंब भरलेला मूत्राशय तिसऱ्या आठवड्यात, लघवीला जळजळ सुरू झाल्यावर, पुन्हा तसा भरत नाही.

व्हॅक्युम बॅग (हवा काढून शरीराच्या आकारात कडक केलेली गादी) वापरत असाल तर रोज बोटाने दाबून बघा. हवा शिरून मऊ झालेली बॅग आता त्या रुग्णाची राहिलेली नसते.

खुणा, टॅटू, नोंद

सहसा कातडीवर टॅटूचे तीन बिंदू: एक समोर मध्यरेषेवर, दोन बाजूंना. शरीर सरळ आहे का हे कळायला मध्यरेषेवर अजून एक बिंदू वर किंवा खाली, लांब अंतरावर द्या. जागा निवडताना हाडाजवळची, कमी हलणारी कातडी शोधा. पोटाची वळी, स्तनाची घडी टाळा. चरबीवरचा टॅटू रोज वेगळ्या ठिकाणी उगवतो.

दोन्ही बाजूंनी आणि वरून फोटो काढा. साधनं, लेझरची रेघ, हातांची घडी, सगळं दिसलं पाहिजे. फोटो काढताना वाटतं की इतकं कशाला. पंधरवड्याने रजेवरून आलेल्या सहकाऱ्याला विचारा.

सकाळी, पहिल्या रुग्णाआधी

खोलीतले लेझर आयसोसेंटरवरच, म्हणजे मशीन ज्या बिंदूभोवती फिरतं त्यावरच, पडतात का हे रोज तपासायचं. अमेरिकन असोसिएशन ऑफ फिजिसिस्ट्स इन मेडिसिनच्या टास्क ग्रुप १४२ च्या २००९ च्या अहवालात लेझरसाठी रोजची मर्यादा साध्या उपचारांना २ मिमी, आयएमआरटीला (किरणांची तीव्रता जागेनुसार बदलणारा उपचार) १.५ मिमी आणि स्टिरिओटॅक्टिकला (नेमक्या जागी मोठा डोस, थोड्याच वेळा) १ मिमी दिली आहे. प्रतिमा काढणाऱ्या यंत्रणेचं केंद्र आणि उपचाराच्या बीमचं म्हणजे किरणांच्या झोताचं केंद्र जुळतं का, तेही फँटमवर (रुग्णाऐवजी ठेवायचा चाचणीचा ठोकळा) बघा. ते जुळत नसेल तर तुम्ही कितीही मन लावून प्रतिमा जुळवलीत तरी रुग्ण चुकीच्याच जागी जाईल, आणि स्क्रीनवर सगळं सुंदर दिसेल.

रोजचा सेटअप

नाव तुम्ही घेऊ नका. 'नाव सांगा' म्हणा. 'तुम्ही अमुक ना?' असं विचारलं की घाबरलेला, कानाने कमी ऐकणारा माणूस हो म्हणतो. सोबत दुसरी ओळख, स्क्रीनवरचा फोटो आणि उपचाराची बाजू.

साधनं रुग्ण येण्याआधी लावलेली असावीत, खाच क्रमांक दोघांनी वाचलेला. रुग्ण योग्य जागी बसला की निम्मं काम झालं. बसताना चार बोटं खाली-वर झाली तर पुढची दहा मिनिटं त्याला सरकवण्यात जातात. झोपला की कंबर एकदा उचलून पुन्हा टेकवायला सांगा. पाठीखाली ओढली गेलेली कातडी सुटते.

मग आधी सरळपणा. मध्यरेषेचा लेझर आणि शरीराच्या खुणा बघा: हनुवटी, गळ्याचा खड्डा, उरोस्थीचं टोक, बेंबी, जघनास्थी. माणूस केळ्यासारखा वाकलेला असेल तर टॅटू जुळले तरी काही जुळलेलं नसतं. त्यानंतर रोल, म्हणजे अंग एका कुशीवर कललंय का: दोन्ही बाजूंचे टॅटू लेझरच्या एकाच उंचीवर आले पाहिजेत. एक वर, एक खाली असेल तर कंबर हलक्या हाताने फिरवा. शेवटी डोक्याकडे-पायाकडे.

कातडी ओढून टॅटू रेघेवर आणायचा मोह सगळ्यांना होतो. हात सोडला की कातडी परत जाते, आणि गाठ तर कधी हललेलीच नसते.

टॅटूपासून आयसोसेंटरपर्यंत शिफ्ट (टेबल सरकवणं) असेल तर दिशा मोठ्याने म्हणा आणि दुसऱ्याने प्लॅनमधून वाचून दुजोरा द्या. 'डावीकडे' म्हणजे रुग्णाच्या डावीकडे. मशीनसमोर उभं राहून आपल्या डावीकडे नेणं ही जुनी, जगभर होणारी चूक आहे. मग त्वचेपर्यंतचं अंतर म्हणजे एसएसडी प्लॅनशी ताडून बघा, आणि काउचचे म्हणजे टेबलाच्या जागेचे आकडेही. साधनं इंडेक्सवर असतील तर काउच रोज जवळजवळ त्याच आकड्यांवर थांबतं. आज ते एकदम वेगळं आलं तर टॉलरन्स ओव्हरराइड करण्याआधी कारण शोधा. चुकीचा नेकरेस्ट, चुकीची खाच, किंवा विसरलेली शिफ्ट, यांतलंच काहीतरी सापडतं.

बाहेर पडण्याआधी गॅन्ट्री, म्हणजे मशीनचा फिरणारा भाग, कुठे धडकणार नाही हे बघा, विशेषतः काउच फिरवायचं असेल आणि कोपर बाहेर आलेलं असेल तेव्हा.

प्रतिमा जुळवणं

हाडांवर जुळणी पुरेशी असेल तिथे काटकोनातले दोन केव्ही एक्स-रे चालतात. मऊ भाग बघायचा असेल तर सीबीसीटी (उपचाराच्या टेबलावरच काढलेला कोन-बीम सीटी). लांबी गरजेपुरतीच घ्या. एका वेळचा डोस कमी असला तरी तो ३० वेळा घेतला जातो.

जुळणीची चौकट आधी नीट आखा. मानेच्या उपचारात जबडा चौकटीत आला तर आपोआप जुळणी जबड्यामागे धावते, आणि जबडा रोज वेगळा मिटतो. आपोआप जुळणी झाली की तिन्ही प्रतलांत स्वतः बघा. आधी हाड, मग लक्ष्य, मग शेजारचे नाजूक अवयव. पाठीच्या उपचारात एक सापळा आहे: छातीचे मणके एकमेकांसारखे दिसतात आणि संगणक एक मणका वर किंवा खाली अगदी बेमालूम जुळवतो. म्हणून बरगडी, माकडहाड किंवा मानेचा तळ असं काहीतरी ओळखीचं प्रतिमेत येईल एवढं क्षेत्र घ्या आणि मणके मोजा.

प्रोस्टेटमध्ये खुणेसाठी घातलेले सोन्याचे मार्कर असतील, सहसा तीन, तर तिन्ही जुळतात का बघा. दोन जुळले आणि तिसरा बाहेर असेल तर ग्रंथी फिरली आहे, तिचा आकार बदलला आहे, किंवा मार्कर सरकला आहे. गुदाशय वायूने फुगलेला दिसला तर शिफ्ट लावून पुढे जाऊ नका. ग्रंथी पुढे ढकलली गेली आहे आणि वायू उपचाराच्या मध्येच सरकू शकतो. रुग्णाला उतरवा, फिरू द्या, पुन्हा घ्या. रांग खोळंबते, कुरकुर होते, होऊ द्या.

फिरकीकडे दुर्लक्ष होतं, कारण अंश लहान वाटतात. आयसोसेंटरपासून १० सेंमीवर १ अंश म्हणजे पावणेदोन मिमी आणि ३ अंश म्हणजे ५ मिमीहून जास्त. गाठ छोटी आणि केंद्रात असेल तर चालेल. ओटीपोटातल्या नोडसारखं लांबलचक लक्ष्य असेल तर टोकं बाहेर जातात. सहा दिशांना हलणारं काउच थोडी फिरकी काढतं, तिलाही मर्यादा आहे, आणि टेबल कलल्यावर रुग्ण नकळत तोल सावरतो. मोठी फिरकी दिसली तर आत जाऊन हाताने नीट झोपवा.

शिफ्ट फार मोठी आली तर नुसती लावू नका. आत जा, सेटअप पुन्हा करा, प्रतिमा पुन्हा घ्या. एकाच दिशेची शिफ्ट तीन दिवस सलग आली तर ती रँडम नाही. पहिल्या काही फ्रॅक्शनच्या (रोजच्या डोसच्या हप्त्यांच्या) शिफ्टची सरासरी काढून सेटअपची जागाच सुधारायची पद्धत त्यासाठीच आहे. आधी फिजिसिस्टला दाखवा.

बीम चालू असताना

दोन माणसं, दोन कामं. एक कन्सोल बघतो, दुसरा फक्त रुग्णाला. त्या वेळात फोन, गप्पा, पुढच्या रुग्णाची फाइल काही नाही. एक कॅमेरा जवळून आणि एक पूर्ण शरीर दिसेल असा, आणि आवाज दोन्ही बाजूंनी. खोकला आला, हात हलला तर आधी बीम थांबवा, मग विचारा. पुन्हा सुरू करण्याआधी प्रतिमा किंवा निदान पृष्ठभागाची पडताळणी हवी. 'हलला होता, पण परत जागेवर आला' हे सीसीटीव्हीवरून सांगता येत नाही.

वेळ हाही सेटअपचाच भाग आहे. प्रतिमा घेतल्यापासून जितका उशीर, तितकं शरीर ढिलावतं आणि मूत्राशय भरत जातो. जुळणीवर दहा मिनिटं चर्चा झाली तर ती प्रतिमा शिळी समजा.

पृष्ठभाग कॅमेरे उजेडाचा नमुना त्वचेवर टाकून तिचा आकार सतत मोजतात, किरणांशिवाय. त्यातही निवड करावी लागते. पाहायचा भाग लक्ष्याजवळचा आणि चढउतार असलेला हवा. सपाट पोट दिलं तर कॅमेऱ्याला कुठे सरकलं ते कळत नाही. चादर, बोलस (त्वचेवर ठेवायचा जेलसारखा थर) किंवा गाउनची कड त्या भागात नको. त्वचेच्या रंगानुसार कॅमेऱ्याची संवेदनशीलता बदलावी लागते, तीच सेटिंग सगळ्यांना लावू नका. सीबीसीटीनुसार शिफ्ट दिली की नवा संदर्भ पृष्ठभाग पकडा. आणि लक्षात घ्या, कॅमेरा कातडी बघतो. आतला प्रोस्टेट हलला तर त्याला पत्ता नसतो.

श्वास

फुप्फुस, यकृत, स्वादुपिंड यांच्या गाठी श्वासाबरोबर प्रवास करतात. त्याच अमेरिकन असोसिएशनच्या टास्क ग्रुप ७६ च्या २००६ च्या अहवालाने ५ मिमीहून जास्त हालचालीला काहीतरी उपाय करावा असं सुचवलं. आधी फोर-डी सीटीने (श्वासाच्या टप्प्यांनुसार काढलेला सीटी) हालचाल मोजा, मग ठरवा: सगळा प्रवास लक्ष्यात धरायचा, पोटावर दाब द्यायचा, ठराविक टप्प्यालाच बीम सोडायचा, की श्वास रोखायचा.

डाव्या स्तनात खोल श्वास रोखून धरला की फुप्फुस फुगतं आणि हृदय छातीच्या भिंतीपासून मागे-खाली जातं. पण सराव हवा, आणि तो सिम्युलेशनच्या आधी. सुमारे २० सेकंद श्वास टिकतो का, तीन-चार वेळा तीच पातळी येते का, ते बघा. एक चलाखी रुग्ण नकळत करतात: श्वास न घेता पाठीची कमान करतात. छाती वर येते, कॅमेरा हिरवा होतो आणि फुप्फुस रिकामंच. कंबर टेबलाला टेकलेली आहे का हे हाताने आणि बाजूच्या प्रतिमेने तपासा. 'मोठा श्वास' म्हणण्याऐवजी 'पाठ टेकलेली ठेवा आणि छातीत हवा भरा' म्हणा, आणि रोज तेच शब्द, त्याच लयीत.

कोर्स पुढे सरकतो तेव्हा

डोकं-मानेचा रुग्ण तिसऱ्या आठवड्यात गिळता न आल्याने वाळायला लागतो. मास्कखाली बोट सहज फिरतं, हनुवटी आत खेळते. आठवड्याला वजन घ्या आणि ते सेटअप शीटवरच लिहा, दुसऱ्या फाइलमध्ये नको. एसएसडी सातत्याने सेंटिमीटरभर बदललेला दिसला, सीबीसीटीवर त्वचेची रेघ प्लॅनच्या रेघेपासून सुटली, किंवा गाठ स्पष्ट लहान झाली, तर डॉक्टर आणि फिजिसिस्ट दोघांनाही त्याच दिवशी कळवा. मास्कच्या आत पॅड भरून ढिलाई घालवणं हा उपाय नाही. त्याने डोकं वेगळ्या कोनात घट्ट बसतं, एवढंच.

नवा स्कॅन आणि नवा प्लॅन ठरला तर नवा मास्क, नवे फोटो, नव्या शिफ्ट, काउचचे नवे आकडे. जुना प्लॅन यंत्रणेत उपचारासाठी बंद करून घ्या. जुना मास्क नव्या प्लॅनचं पहिलं फ्रॅक्शन झाल्या-झाल्या त्याच दिवशी कापून टाका. फळीवर एकाच नावाचे दोन मास्क राहिले तर कधीतरी गर्दीच्या सकाळी कोणीतरी जुनाच उचलतो, आणि तो थोडा ढिला असला तरी बसतो.